मी नुसतं व्हय म्हणत होते

दत्ता, तुझ्या शोकसभेत तुझं नाव चुकवलं रे. मुख्य ऑफिसातले मोठे साहेब पडद्यावरून बोलले आणि तीनदा तुला दत्तात्रय म्हणाले. अरे बाबा, दत्ताराम म्हण की. एवढा मोठा फोटो लावलाय, खाली नाव लिहिलंय. "ही वॉज अ ग्रेट लिसनर," असंही म्हणाले. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं ठरलं होतं, ते पाऊण मिनिटात आटोपलं, कारण साहेबांना पुढची मीटिंग होती. कँटीनमधल्या माणसांना उठून पुन्हा बसायलाच त्याहून जास्त वेळ लागला.

मीही बोलले. फॅक्टरीची प्रमुख म्हणून बोलणं भागच होतं, पण नुसतं बोलले नाही, छान बोलले. सत्तावीस वर्षं एकाच गेटातून आत आलो, त्याने मला ऐकायला शिकवलं, वगैरे. योग्य जागी आवाज भरून आला. तो खरा होता, पण बरोबर योग्य जागी आला हेही खरं. टाळ्या वाजवायच्या की नाही ते न कळून काहींनी वाजवल्या. हरेश्वर मेकॅनिक पहिल्याच रांगेत हाताची घडी घालून बसला होता. त्याने वाजवल्या नाहीत आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

तुझं तेरावंही झालं. परवा वहिनीकडे, तुझ्या घरी जाऊन आले. तिथे जे झालं ते सांगायलाच बसलेय, पण एकदम तिकडे उडी मारत नाही. गाऱ्हाणं क्रमाने सांगावं, हा तुझाच नियम.

आपण एकाच आठवड्यात लागलो. औषधांच्या बाटल्या भरणारी ही विक्रोळीची फॅक्टरी. मी लॅबमध्ये, तू टाइम ऑफिसात. तू नाहूरचा, मी पुढच्या स्टेशनवरची, मुलुंडची. तुझे वडील गिरणीतले, गाव मालवणकडचं. माझ्या घरचे नगरकडचे, एक घाव दोन तुकडे करणारे. दुसऱ्याच दिवशी मी अर्धा तास उशिरा आले आणि तुझ्या खिडकीत उभं राहून सगळं रामायण सांगितलं. आईचा ताप, रिक्षा न मिळणं, तुटलेली चप्पल. तू पेन खाली ठेवून शेवटपर्यंत ऐकलंस. मला वाटलं, सुटले. तू शांतपणे लाल पेन उचललंस आणि माझं कार्ड लाल केलंस.

"एवढं ऐकून घेतलंस, मग सोड की!" मी खेकसले.

"ऐकलं ते तुझ्यासाठी. लाल केलं ते कंपनीसाठी," तू म्हणालास. "आईचा ताप उतरला काय?"

मला इतका राग आला होता की ताप उतरलाय हे सांगायलाही मी थांबले नाही.

पुढे मी चढत गेले. लॅब, मग क्वालिटी, मग उत्पादन, मग अख्खी फॅक्टरी. तू कामगार अधिकारी झालास आणि तिथेच मजेत राहिलास. मला लोक मागून 'दोन मिनिटं मॅडम' म्हणायचे, हे तूच मला सांगितलंस, हसत. कुणीही केबिनमध्ये आलं की मी म्हणायचे, दोन मिनिटांत सांग. आणि दोन मिनिटांत निकालही द्यायचे. याची बदली, त्याला मेमो, तिला दुसरी शिफ्ट. भांडण मिटलं. म्हणजे माझ्या टेबलावरून उठलं. खाली कुठे जाऊन बसलं ते बघायला मला सवड नव्हती.

शोभाताई आणि हरेश्वरच्या वेळी मी तेच करणार होते. शोभाताई पॅकिंग सांभाळायची. झाकणं बसवायचं मशीन अडकलं की मेकॅनिकला हाक मारायची, वीस पावलांवर तर वर्कशॉप. पण तीन आठवडे दोघांचं बोलणं बंद होतं. ती वहीत तक्रार लिहून वही वर्कशॉपच्या खिडकीत ठेवायची, हरेश्वर सावकाश वाचून सही करायचा आणि मग पाना घेऊन निघायचा. दर वेळी पंचवीस मिनिटं लाइन बंद.

"दोघांना मेमो दे," मी तुला म्हटलं. "दोन मिनिटांचं काम."

"देवया की मेमो. आधी गाऱ्हाणा घालूया."

तुमच्या गावच्या देवळात गाऱ्हाणं कसं घालतात ते तू मला आधी शंभरदा सांगितलं होतंस. एक जण देवापुढे उभा राहून वाडीचं सगळं सुखदुःख सांगतो आणि प्रत्येक वाक्यानंतर बाकीचे एकच म्हणतात, व्हय महाराजा. मध्ये कुणी सल्ला देत नाही, 'पण' म्हणत नाही, 'तुझंही चुकलंच' म्हणत नाही. तू तेच उचलून फॅक्टरीत आणलं होतंस, फक्त महाराजा गाळून. जेवणाच्या खोलीत स्टुलं मांडायची. बिस्किटांच्या एका रिकाम्या पत्र्याच्या डब्यात सगळ्यांचे फोन, घड्याळं, साहेबलोकांचीसुद्धा. एकाने बोलायचं, समोरच्याने दर वाक्याला व्हय म्हणायचं. व्हय म्हणजे पटलं असं नाही, पोचलं एवढंच. कुणाची नजर दाराकडे वळली की तू बोटाच्या पेराने डबा वाजवून त्याला इकडे बघायला लावायचास. "नजर हंय."

हरेश्वर वेसाव्याचा कोळी, आवाज समुद्रावरचा. त्या दिवशी मात्र हळू बोलला.

"मशीन अडकलं. मी मेन स्विच बंद करायला निघालो."

"व्हय," शोभाताई म्हणाली, भिंतीकडे बघत.

"नजर हंय," तू म्हणालास.

"ताई बोलली, बंद नको करू, असंच काढ. मी हात घातला. बोट कापलं. सहा टाके पडले."

"व्हय."

"परत कामावर आलो तर बोटाचं कोणी विचारलं नाय. ताईने विचारलं, मशीन ठीक चालतंय ना."

शोभाताईला व्हय म्हणता येईना. तू थांबलास. मीच चुळबुळ करत होते. मनगटाकडे बघितलं तर घड्याळ डब्यात. बऱ्याच वेळाने तिने व्हय म्हटलं आणि मग तिची पाळी आली.

"बोलले मी तसं," ती म्हणाली. "खोटं का बोलू? माझ्या पाठीमागे मॅडम उभ्या होत्या, घड्याळ बघत. बोलल्या, अजून किती वेळ, शोभा?"

याला हरेश्वरने व्हय म्हणायचं होतं, पण तो माझ्याकडे बघत होता. शोभाताईही. आणि तू. मी न्यायनिवाडा करायला आले होते रे. तुझ्याकडे बघितलं, म्हटलं हा सावरून घेईल, काहीतरी विनोद करेल. तू काही केलं नाहीस. मग मी म्हटलं, "व्हय."

दुसऱ्या दिवसापासून मशीनवर पाटी लागली, मेन बंद केल्याशिवाय हात घालायचा नाही, कुणी सांगितलं तरी नाही. 'कुणी सांगितलं तरी' हे शब्द मी घातले. आठवड्याने शोभाताईच्या डब्यात हरेश्वरच्या घरचे सुके बोंबील आले. माझा एक तास चाळीस मिनिटं वेळ गेला होता. वही इकडून तिकडे फिरण्यात त्याच्या कितीतरी पट गेला होता, पण तो कधी माझ्या डोळ्यांवर आलाच नव्हता.

आणि मग मी काय केलं? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मी त्याचा कार्यक्रम केला. मुख्य ऑफिसला कळवलं, स्लाइड केल्या, 'घाईतल्या नेत्यांसाठी ऐकण्याची पाच पावलं'. पवईच्या हॉटेलात हॉल घेतला. तू मागे टाय लावून बसला होतास, प्रदर्शनात मांडल्यासारखा. तिसरं पाऊल होतं, 'ठराविक अंतराने होकारार्थी प्रतिसाद द्या'. मोठमोठे मॅनेजर जोड्या करून बसले आणि तीन तीन मिनिटं एकमेकांना व्हय म्हणाले. तीन मिनिटं झाली की मी घंटी वाजवायचे. सगळे खूश. मोठे साहेब म्हणाले, हे आपण सगळ्या फॅक्टऱ्यांत करू.

परतताना आपण एकाच गाडीत होतो. जोडरस्त्याच्या सिग्नलला म्हणालास, "देवळातला काढून हॉटेलात नेलंस. नेलंस ते नेलंस, वर घंटी वाजवलंस."

"अरे, या लोकांकडे वेळ नसतो. त्यांना थोडक्यातच द्यावं लागतं."

"थोडक्यात आयकूक येता?"

"तुझ्या पद्धतीने जन्मभरात दहा माणसं सुधारतील, दत्ता. माझ्या पद्धतीने हजार."

तू गेट आल्यावर उतरून गेलास. मला वाटलं, मी वाद जिंकला. सिग्नलवर अर्धा राहिलेला तो वाद आता माझ्या एकटीच्या गळ्यात पडलाय, आणि रोज मी तो हरतेय.

ऐकणं म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. म्हणून तर जास्त जळतं. मी नवऱ्यापासून वेगळी झाले तेव्हा अख्ख्या मुलुंडने सल्ले दिले होते. तू आणि वहिनी रविवारी आलात. वहिनीने घावणे आणले होते. ती आत गेली आणि तू बाल्कनीतल्या मोडक्या खुर्चीवर बसलास. मी बोलत होते, रडत होते, तेच तेच पुन्हा सांगत होते, आणि तू व्हय म्हणत होतास. निघताना एकच म्हणालास, "घावणे गरम करून खा." वर्षभराने लॅबच्या जिन्यात सहज विचारलंस, "तो कुकर बदललंस काय? ज्याच्या शिटीने तुला रडू यायचं?" मी कुकरचं बोलले होते हे मीच विसरले होते. तू ठेवलं होतंस.

आता त्या गुरुवारचं.

दुपारचे चार वाजले होते. तू तो पत्र्याचा डबा घेऊन माझ्या केबिनमध्ये आलास. दार लावलंस. मला वाटलं, पुन्हा कुणाचं तरी भांडण. तू समोर बसलास, झाकण काढून डबा माझ्यापुढे ठेवलास आणि म्हणालास, "माया, आज माझा गाऱ्हाणा आसा."

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.

मी काय केलं ते तुला ठाऊक आहे, पण मला ते उच्चारायला हवं. मी फोन डब्यात टाकला नाही. ऑडिटचं उत्तर पाच वाजेपर्यंत जायचं होतं. म्हटलं, "त्यांचा फोन येईल रे, हातातच ठेवते. तू बोल, मी ऐकतेय." तू डब्याला झाकण लावलंस, डबा मांडीवर घेतलास आणि बोलायला लागलास. मी लॅपटॉप पूर्ण मिटलाही नाही. तू बोलत होतास आणि मी व्हय म्हणत होते. तू थांबलास की व्हय. पुन्हा थांबलास की व्हय. तोंडाला सवय झाली होती, ते आपलं आपण म्हणत होतं. पाऊण तास तरी तू बोललास.

मला त्यातलं पहिलं वाक्य आठवतं, "दोन महिने झाले, एक गोष्ट कोणाक बोललंय नाय." आणि शेवटचं आठवतं. तू उठलास, म्हणालास, "बरा वाटला गो." मधलं काहीच नाही. गावच्या घराचं काहीतरी होतं असं वाटतं. पण ते खरंच तू बोललास, की तू नेहमी बोलायचास म्हणून मी आता त्यात भरतेय, हेही सांगता येत नाही. ऑडिटला काय उत्तर लिहिलं ते मात्र मी आत्ता शब्दन् शब्द म्हणून दाखवीन.

त्या गुरुवारनंतरच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी कामावर यायला निघालास आणि नाहूर स्टेशनच्या पुलाच्या जिन्यावर बसलास तो उठलाच नाहीस. हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. हृदय, म्हणाले. मला टाइम ऑफिसातून फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. मी त्या माणसालाही म्हटलं, दोन मिनिटांत फोन करते.

माझा तुझ्यावर राग आहे, दत्ता. असू दे, मेलेल्या माणसावर रागावू नये असं कुणी म्हणत असेल तर म्हणू दे. बाकी सगळ्यांना डबा वाजवून थांबवायचास. युनियनच्या पुढाऱ्याला थांबवलंस, मोठ्या साहेबांना एकदा तोंडावर म्हणालास, साहेब, नजर हंय. मग मला का नाही? समोर माझे डोळे स्क्रीनवर फिरताना दिसत होते ना? डबा तुझ्या मांडीवरच होता. एक टिचकी मारायची. शिव्या घालायच्यास. म्हणायचंस, माये, मर तुझ्या ऑडिटबरोबर. मी चिडले असते, पण लॅपटॉप मिटला असता. तुझ्या या सोशिकपणाची मला आता शिसारी येते.

परवा तुझ्या घरी गेले ते खरं तर कंपनीचे कागद घेऊन. वहिनीने चहा ठेवला. तिच्याकडे बघवत नव्हतं. चार शब्द बोलून सह्या घ्याव्यात आणि निघावं असं मनात होतं. तुमच्या लग्नापासून ती मला नावाने हाक मारते, माझ्याशी मालवणीतच बोलते, मला अर्धं कळत नव्हतं तेव्हापासून. चहा पुढे ठेवून ती समोर बसली.

"माया, एक विचारू?"

"विचार की."

"त्या गुरुवारी हे घराक इले ते कितक्या दिवसांनी पोटभर जेवले. दोन महिने तोंड मिटान बसलेले. मी इचारलंय तर म्हणाले, मायाक सगळा सांगलंय, तिना बसान आयकान घेतल्यान. तुका मागाहून सांगतंय. मगे ऱ्हवान गेला." ती पदराशी चाळा करत म्हणाली, "काय सांगल्यानी गो तुका? माझ्याबद्दल काय होता काय?"

दत्ता, मी बसून सगळं ऐकून घेतलं, असं तू तिला का सांगितलंस? एक तर तू खरंच फसलास. माणसांच्या नजरा ओळखण्यात हयात घालवलेला तू, माझ्या सवयीच्या व्हयला फसलास. नाहीतर तुला सगळं कळलं होतं आणि घरी जाऊन तू मला सांभाळून घेतलंस, पोटभर जेवून दाखवलंस. मी रोज यातलं एक निवडते आणि दुसऱ्या दिवशी दुसरं. दोन्हींत सुटका नाही.

माझ्याकडे थाप तयार होती. खरंच सांगते, ओठांवर होती. गावच्या घराची काळजी करत होता, तुझं नाव निघालं की डोळे भरायचे त्याचे. तिला बरं वाटलं असतं, मलाही. दोन मिनिटांत मिटलं असतं. पण वहिनीने उठून टीव्ही बंद केला, आपला फोन आतल्या खोलीत ठेवून आली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून माझ्या तोंडाकडे बघत बसली. अगदी तुझ्यासारखी. त्या नजरेपुढे थाप निघेना.

"वहिनी, तो आला होता," मी म्हटलं. "पाऊण तास बोलला."

"व्हय," ती म्हणाली.

मी चरकले. ती तुमच्याच गावची, देवळात लहानपणापासून ऐकलेलं. तिच्या तोंडून ते आपसूक आलं.

"त्याने डबा पुढे ठेवला. मी फोन टाकला नाही."

"व्हय."

"मी माझं काम करत होते. नुसतं व्हय, व्हय म्हणत होते."

"व्हय."

"तो काय बोलला ते मला ठाऊक नाही. तुझ्याबद्दल होतं की नव्हतं, तेही नाही. मी ऐकलंच नाही, वहिनी."

यावर किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मी घड्याळ बघितलं नाही. तिचे डोळे माझ्यावरून हलले नाहीत. ती रडली असती, ओरडली असती, कप भिंतीवर फेकला असता तर मी तिचे पाय धरले असते. तिने तसलं काही केलं नाही. स्पष्ट आवाजात म्हणाली, "व्हय."

मग तिने कागद ओढून घेतले, मी दाखवीन तिथे सह्या केल्या आणि माझा चहाचा कप उचलून आत नेला. चहावर साय धरली होती. मी उठले नाही. म्हटलं, आता ती बोलेल, आणि या वेळी मी ऐकेन, कितीही वेळ लागो. ती कप ठेवून बाहेर आली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. दार उघडून धरलं.

"मॅडम," ती म्हणाली, साध्या शुद्ध मराठीत, "तुम्हाला उशीर होत असेल."

मी बाहेर चपला घालता घालता म्हटलं, "नाही गं, आज मला कुठेच जायचं नाही." पण तोवर तिने दार लावून घेतलं होतं.